गेलेल्या माणसाचं चित्र काढून देणाऱ्या 'सायकिक आर्टिस्ट'कडे आईला न्यावं का?

मीनल_लिंकनशायर

नमस्कार मंडळी. विषय जरा विचित्र आहे, पण इथे नाना क्षेत्रातली माणसं आहेत म्हणून विचारते.

माझे बाबा २०२१ च्या एप्रिलमध्ये सांगलीत कोविडने गेले. तेव्हा काय चाललं होतं ते सगळ्यांना माहीत आहे. आईला शेवटचा चेहरासुद्धा बघायला मिळाला नाही. गुंडाळलेलं पार्थिव गाडीतून परस्पर स्मशानात गेलं. मला इथून निघणं जमलंच नाही. घरात भिंतीवर जो फोटो आहे तो आधार कार्डावरचा मोठा करून घेतलेला. आई त्याच्याकडे बघतही नाही. म्हणते, "हे तुझे बाबा नव्हेत, रेशनच्या रांगेतला कुणीतरी आहे."

सध्या आई माझ्याकडे आली आहे. शेजारच्या इंग्लिश आजी दर रविवारी इथल्या स्पिरिच्युअलिस्ट चर्चला जातात (गेलेल्यांशी बोलता येतं असं मानणारा पंथ). दोघींचं छान जमतं (भाषा येत नसताना कसं, ते देव जाणे). एका संध्याकाळी तिथे सायकिक आर्टिस्टचा कार्यक्रम होता, आजी आम्हाला घेऊन गेल्या. एक बाई इझलवर कागद लावून पेस्टलने चेहरे काढत होत्या, वर कॅमेरा होता आणि पडद्यावर सगळ्यांना दिसत होतं. दुसऱ्या बाई निरोप सांगत होत्या. तिसरं का चौथं चित्र एका सावळ्या, वयस्क माणसाचं निघालं. चष्मा, जाड मिशी, केस कपाळावरून मागे गेलेले. निरोपवाल्या बाई म्हणाल्या, "हे गृहस्थ हॉलच्या या बाजूला कुणासाठी तरी आलेत. छातीत त्रास होता, श्वास पुरत नव्हता." माझं भाषांतर पुरं व्हायच्या आत आईने हात वर केला.

कागद आईला दिला. तो आता तिच्या देवांच्या शेजारी आहे. तिला त्या चित्रकार बाईंकडे एकटीने बसायचंय. साठ पौंड घेतात. नवरा म्हणतो शुद्ध फसवणूक. पैशाचं मला तितकं नाही. हे नक्की चालतं कसं, आणि नेल्याने आईचं भलं होईल की बुरं, हे कळत नाहीये.

तर्कट

थोतांड. छातीचा त्रास आणि श्वास! शेवटी श्वास पुरला असता तर माणूस गेला कशाला असता?

इंग्लंडमध्ये 'आत्म्यांशी बोलतो' म्हणून फसवणाऱ्या माध्यमांविरुद्ध १९५१ चा कायदा होता. तो २००८ मध्ये रद्द करून हा सगळा मामला ग्राहक संरक्षणाच्या नियमांखाली आणला. म्हणून अशा कार्यक्रमांच्या जाहिरातीत बारीक अक्षरात 'हा प्रयोग आहे', 'मनोरंजनासाठी' असं काहीतरी घातलेलं असतं. वाचलंत का? इथे दाभोलकरांचा खून झाला तेव्हा कुठे २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आला, आणि आपली माणसं तिकडे जाऊन पौंडात दक्षिणा देतात.

रंगारी_कोल्हापूर

तर्कटसाहेब, तुमचं असेल बरोबर, पण ताईंनी विचारलंय काय आणि तुम्ही सांगताय काय!

ताई, मी कोल्हापुरात पोर्ट्रेटची कामं करतो. त्यातली निम्म्याहून जास्त गेलेल्या माणसांची. वर्षश्राद्ध जवळ आलं की ऑर्डर येते. आत्मा येतो का, हातात शिरतो का, त्यातलं मला काही कळत नाही. पण गेलेल्या माणसाचा चेहरा घरच्यांना कधी पटतो आणि कधी पटत नाही, यावर माझं पोट आहे, तेव्हा त्यावर चार शब्द बोलतो.

आधी तुम्ही सांगितलेलं चित्र घेऊ. साठीचा माणूस, चष्मा, मिशी, केस मागे गेलेले. एवढ्यात आमच्या गल्लीतले निम्मे पुरुष बसले. मी पण बसलो. आता मला सांगा, त्या हॉलमध्ये साडी नेसलेल्या, मोकळ्या कपाळाच्या बाई किती होत्या? एकच असणार. मग सावळा माणूस निघाला यात नवल काय? चित्रवाल्या बाईंनी ठरवून लबाडी केली असं मी म्हणत नाही हां. समोर बसलेल्या माणसाचा हातावर परिणाम होतोच. मुलगा समोर बसून बापाचं वर्णन करत असला की माझ्या हातून मुलाचंच नाक उतरतं. माझे गुरुजी म्हणूनच काम चालू असताना गिऱ्हाइकाला खोलीत थांबू देत नसत. बाहेर बाकावर चहा पाजायचे.

दुसरी गोष्ट पेस्टलची. बोटाने कडा पुसलेलं मऊ चित्र कुणालाही जवळचं वाटतं. डोळ्याच्या कोपऱ्यातली सुरकुती मी पक्की काढली की घरचे लगेच म्हणणार, "अशी नव्हती." तीच पुसट ठेवली की, "अगदी अस्संच!" जिथे आम्ही सोडतो तिथे घरचे भरतात. धंद्यातलं उघड गुपित आहे. हातात वेळ नसला की आम्हीसुद्धा डोळे जरा सावलीत ठेवतो, खोटं कशाला बोला.

गुरुजींचं एक सांगतो. ते तरुणपणी फोटो स्टुडिओत फिनिशिंगचं काम करायचे. त्या काळी कितीतरी लोकांचा आयुष्यातला पहिला फोटो मेल्यावर निघायचा. खुर्चीत बसवायचं, पाठीमागून आधार द्यायचा, डोक्याला फेटा. फोटोत डोळे मिटलेले. मग मोठ्या ब्रोमाइड प्रिंटवर गुरुजींनी ते डोळे उघडायचे. आधी मिटलेल्या पापणीचा काळा भाग चाकूच्या टोकाने हलका खरवडायचा. मग बारीक ब्रशने वरच्या पापणीची रेघ, ती भुवईच्या वळणाला धरून. मग बुबुळ. सगळ्यात शेवटी बुबुळात पांढऱ्याचा टिपका. गुरुजी सांगायचे, बुबुळ कुणाचंही चालतं रे, टिपका तेवढा दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला पडला पाहिजे, मग माणूस बघायला लागतो. चित्र न्यायला बायको यायची, पदर तोंडाला लावून म्हणायची, "असंच बघायचे हो माझ्याकडे." गुरुजींनी त्या माणसाचे उघडे डोळे जन्मात बघितलेले नसायचे. ते काही आत्मे बोलावत नव्हते. आणि ती बाई पण खोटं बोलत नव्हती.

तुमच्या आईंनी हात वर केला तो असाच केला असणार. त्यावर हसू नका आणि जावयांनाही हसू देऊ नका.

खरंच पारखायचं असेल तर सोपं आहे. त्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढा आणि सांगलीला काका, आत्या जे असतील त्यांना पाठवा. "हे कोण वाटतं?" एवढंच लिहा. आधी काही सांगायचं नाही, कोविड नाही, इंग्लंड नाही. पण आईला सांगून करा, तिच्या पाठीमागे नको.

वैशाली_एसेक्स

मीनल, मी या लोकांना जवळून बघितलंय, म्हणून दुसरी बाजू लिहिते.

आमच्या इथून जवळच स्टॅन्स्टेड हॉल आहे. जुना वाडा म्हण. आर्थर फिंडले नावाच्या गृहस्थांनी तो १९६४ मध्ये स्पिरिच्युअलिस्टांच्या राष्ट्रीय संघटनेला दिला, आता तिथे कॉलेज चालतं आणि माध्यम कसं व्हायचं याचे आठवडा-आठवडाभराचे वर्ग भरतात. चित्रांचेसुद्धा. माझ्या एका मैत्रिणीचा मुलगा गेला तेव्हा ती या सगळ्यात पडली आणि मला एका वर्गाला (तिथला नव्हे, दुसरीकडचा) ओढून घेऊन गेली. सुरुवातीला हलका लंबगोल काढायचा. मग स्वतःलाच विचारायचं, पुरुष की बाई? तरुण की म्हातारं? केस दाट की विरळ? जे पहिलं मनात येईल ते काढत जायचं, खोडायचं नाही. मला तर चित्रकला शाळेतच सुटलेली, तरी माझ्या कागदावरची बाई समोरच्या टेबलवरच्या एकाने "ही माझी मावशी" म्हणून नेली! मला कोण लाज वाटली.

पण तिथे कुणी डोळे मिचकावत नव्हतं. या पंथातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे कोरल पोल्ज. मागच्या शतकात इंग्लंडभर तिचे कार्यक्रम व्हायचे. तिलाही चेहरा समोर दिसायचा नाही म्हणे, आतून जाणवायचा आणि हात चालायचा. बहुतेक जणांना मनापासून तसं वाटतं. चर्चमध्ये येणारी माणसं म्हणशील तर नवरा गेलेल्या, मुलं लांब गेलेल्या म्हाताऱ्या. गाणी म्हणतात, चहा-बिस्किटं होतात, कुणीतरी हात धरून विचारतं, "तो बरा आहे तिकडे, तू कशी आहेस?" तुझ्या आईला तिच्या भाषेत हे इथे कोण विचारणार?

तेव्हा रविवारी जायला काहीच हरकत नाही, असं माझं मत. मला भीती आहे ती एकटीने बसायची. माझी मैत्रीण पहिलं चित्र मिळाल्यावर शांत झोपली, हे मी डोळ्यांनी बघितलंय. मग दुसऱ्यासाठी गेली. मग दुसऱ्या चित्रकाराकडे. एका चित्रात जिवणी रुंद, पुढच्यात लहान, एकात खळी. आपला मुलगा नक्की कसा दिसायचा हेच तिला सांगता येईना. शेवटी सगळी चित्रं नवऱ्याने माळ्यावर टाकली.

आणि रंगारीकाकांची ती पारख इथे चालत नाही बरं का. चित्र कुणी ओळखलं नाही तर ते म्हणतात, "घरी घेऊन जा, नातेवाइकांना विचार, कुणाचं तरी निघेल." कुणाचं तरी निघतंच.

जुनी_पाने

वैशालीताईंच्या शेवटच्या वाक्याला इतिहास आहे.

विल्यम मम्लर हा १८६० च्या दशकातला बॉस्टनचा फोटोग्राफर. तुम्ही फोटो काढायला बसायचं, फोटोची काच (तेव्हा फिल्मऐवजी काच असायची) धुतली की तुमच्या मागे धूसर आकृती. अमेरिकेतल्या यादवी युद्धात घरोघरची मुलं मेलेली, गिऱ्हाइकाला तोटा नव्हता. बॉस्टनमध्ये पंचाईत अशी झाली की त्याची काही 'भुतं' गावात हिंडताना लोकांनी पाहिली. तिथून तो न्यूयॉर्कला गेला आणि १८६९ मध्ये त्याच्यावर खटला झाला. सर्कशीवाले पी. टी. बार्नम त्याच्याविरुद्ध साक्षीला उभे! (लबाडी ओळखायला त्यांच्याहून लायक माणूस कोण?) पुराव्याअभावी मम्लर सुटला. पुढे लिंकनच्या विधवेने त्याच्याकडून फोटो काढून घेतला. मागे लिंकन उभे, हात तिच्या खांद्यावर. इंग्लंडमध्ये विल्यम होप हेच करत होता. १९२२ मध्ये भुताखेतांचे दावे तपासणाऱ्या हॅरी प्राइसने गुपचूप खूण केलेल्या काचा देऊन त्याला पकडला, तरी होपच्या भक्तांनी प्राइसलाच नावं ठेवली.

पण चित्रांच्या बाबतीत कमाल केली ती शिकागोच्या बँग्ज भगिनींनी, लिझी आणि मे. खिडकीत उजेडासमोर कोरा कॅनव्हास लावायचा, दोघी दोन बाजूंना हाताने धरून बसायच्या आणि थोड्या वेळात कॅनव्हासवर आपोआप रंगीत चेहरा उमटायचा. आधी धुक्यातला, मग हळूहळू स्पष्ट. काही हकीकतींत तर डोळे आधी मिटलेले आणि मग उघडलेले असं वर्णन आहे. रंगारीकाकांचे गुरुजी वाचताना मला तेच आठवलं. ओमाहाचा जादूगार डेव्हिड ॲबट याने त्याचा उलगडा १९१३ मध्ये पुस्तिका काढून छापला. कॅनव्हास दोन. चित्र आधीच रंगवून तयार, ते पुढच्या कोऱ्या कॅनव्हासच्या मागे. लांब असताना उजेडातून नुसता डाग दिसतो, जसजसं पुढच्याला चिकटत जातं तसतसा चेहरा स्वच्छ होतो. शेवटी कोरा काढून घ्यायचा. रंगमंचावर जादूगारांनी हाच खेळ करून तिकिटं लावली. आणि इंडियानातल्या कँप चेस्टरफील्डला बँग्ज भगिनींची ती चित्रं आजही श्रद्धेने जपून ठेवली आहेत.

आपल्याकडे चित्रांचं हे खूळ फारसं आलं नाही, प्लँचेट मात्र मध्यमवर्गात चांगलंच मुरलं होतं. मुंबईच्या व्ही. डी. ऋषींनी त्याचा बराच प्रसार केला.

पेठेतला_पक्या

आमच्या आजीकडे प्लँचेटला वाटी फिरायची. आजोबा आले की पहिला प्रश्न, "बँकेची पावती कुठे ठेवलीत?" एकदाही सांगितलं नाही.

तर्कट

@वैशाली, तुम्ही काढलेली 'मावशी' हाच माझा मुद्दा आहे. १९४८ मध्ये बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना प्रत्येकाचं म्हणून स्वभाववर्णन वाटलं. सगळ्यांना मजकूर एकच, ज्योतिषाच्या पुस्तकातून जमवलेला. पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले पोरांनी. शब्दांत होतं ते पेस्टलमध्ये होणार नाही?

मीनलताई, मघाशी मी फटकळ लिहिलं ते तुमच्या आईंना उद्देशून नव्हतं. पण ते साठ पौंड द्यायचेच ठरले तर नाव आणि ईमेल आधी देऊ नका. तुमच्या फेसबुकवर बाबांचा फोटो असणारच, आणि शोधायला दोन मिनिटं लागतात.

मीनल_लिंकनशायर

सगळ्यांचे आभार. आईला मी सगळं वाचून दाखवलं. गुरुजींचा भाग तिने दोनदा वाचायला लावला. वाटी आणि बँकेच्या पावतीवर खूप हसली, खूप दिवसांनी.

चित्र पाठवलं. आईनेच सांगितलं पाठव म्हणून. काकाचं उत्तर, "कोण आहेत? तुझ्या ऑफिसातले का?" आत्याचं उत्तर आलं ते असं: "अप्पा का गं? कुठे मिळाला हा फोटो?" अप्पा म्हणजे माझे आजोबा. ते जाऊन जमाना झाला. यावर आई शांतपणे म्हणाली, "मग अप्पाच आले असतील. बाबा तुझे कुठे कधी वेळेवर आलेत?" नवऱ्याने कपाळाला हात लावला.

पण नंतर रात्री तिने तो कागद काढून दिव्याखाली धरला आणि म्हणाली, "भुवई अख्खी आहे." बाबांची डावी भुवई मधोमध तुटलेली होती. साखर कारखान्यात नोकरीला लागले तेव्हा काहीतरी लागलं होतं, तिथे केस आलेच नाहीत. आधारच्या फोटोत चष्म्यावर उजेड पडलाय, त्यात ती भुवई दिसतच नाही. मी इतकी वर्षं तो फोटो बघतेय, माझ्या लक्षात नाही आलं.

एकटीने बसायला जायचं नाही असं ती अजून म्हणालेली नाही. चर्चला मात्र या रविवारी जाणार आहे, आजींनी तिच्यासाठी लिंबाचा केक करायचं कबूल केलंय.

रंगारीकाका, तिचा एक प्रश्न आहे. असल्या फोटोवरून तुम्ही चित्र काढू शकाल का?

रंगारी_कोल्हापूर

आधारचा फोटो बाजूला ठेवा. त्या कॅमेऱ्याने आमच्या आमदारांचा पण चोर केलाय.

ताई, असं करा. कुणाच्या तरी लग्नातला, मुंजीतला ग्रुप फोटो शोधा. बाबा मागच्या रांगेत असले तरी चालतील, डोक्याचा आकार आणि मान कळते. मोबाइलमध्ये एखादा व्हिडिओ असेल तर उत्तमच, अर्ध्या मिनिटाचा असला तरी. बोलताना जिवणी कुठल्या बाजूला आधी जाते ते फोटोत कधी सापडत नाही. काकांचा आणि आत्यांचा एकेक फोटो, आणि अप्पांचा असेल तर तोही. आत्यांना उगीच अप्पा दिसले नसतील, त्या घरात कपाळ आणि केसांची ठेवण एकच असणार. तेवढं मला भावंडांवरून घेता येतं.

बाकीचं आईंना विचारून घ्यायचं. व्हिडिओ कॉलवर तासभर बसवा. मी 'कसे दिसायचे' असं विचारत नाही, त्याचं उत्तर कुणालाच देता येत नाही. चष्मा नाकावर किती खाली असायचा, पेपर वाचताना वरून बघायचे का, मिशी घरी कातरायचे का न्हाव्याकडे, पान खायचे का, कुठल्या कुशीवर झोपायचे. एका कुशीवर झोपणाऱ्याचा त्या बाजूचा गाल पुढे पुढे थोडा वेगळा होतो. कान कुणालाच आठवत नाहीत, ते मी काकांचे लावतो.

भुवई मी आधी काढणार आणि बाकीचा चेहरा तिच्या मापाने. कच्चं स्केच पाठवीन, त्यावर आईंनी फक्त 'हे नाही' एवढंच सांगायचं. 'छान आहे' म्हणाल्या तर समजा अजून जमलेलं नाही.

पैशाचं चित्र पटल्यावर बोलू. सकाळी मी उजेडात काम करतो, तेव्हा आपल्याकडच्या दुपारी तीननंतर फोन लावा. तुमच्याकडे साडेदहा होतील, आईंचं आंघोळ-देवपूजा उरकलेलं असेल. नंबर निरोपात टाकतो.